औसा तालुका आणि दूरध्वनी जाळ्यांच्या जोडणीचा हिशेब

दूरध्वनीच्या आकारणीसाठी देशाचे जे छोटे विभाग पाडले गेले, ते बहुधा तालुक्याएवढे होते, आणि ०२३८३ हा क्रमांक मिळालेले औसा हे त्यांपैकी एक. सारे जाळे दूरसंचार विभागाचे असेपर्यंत औशाहून पुण्याला लागलेल्या फोनचा पैसा एकाच तिजोरीत जाई. १९९४ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना वाट मिळाल्यावर मात्र एका कंपनीच्या ग्राहकाचा फोन दुसरीच्या जाळ्यात उतरवायचा, म्हणजेच आंतरजोडणीचा, प्रश्न उभा राहिला. परवाना देणारा विभाग स्वतःच सेवाही चालवत असल्याने त्याने घातलेल्या अटी निःपक्षपाती मानणे कठीणच होते, म्हणून १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले.

२००३ मध्ये ट्रायने फोन करणाऱ्यानेच पैसे भरावेत अशी पद्धत लागू केली आणि फोन उतरवून घेणाऱ्या कंपनीला मिनिटामागे समापन शुल्क ठरवून दिले. त्यासोबतच आलेला प्रवेश-तूट आकार अशा तालुक्यांसाठी अधिक मोलाचा होता, कारण ग्रामीण तारजोडण्यांचा न भागणारा खर्च त्यातून मुख्यतः दूरसंचार विभागाचे जाळे पुढे चालवणाऱ्या भारत संचार निगमला भरून मिळे. २००८ मध्ये तो संपवताना शहरी स्पर्धेचाच विचार वरचढ ठरला, असे म्हणावे लागते. मोबाइलवरील समापन शुल्क २००९ मध्ये २० पैसे, २०१५ मध्ये १४ आणि २०१७ मध्ये ६ पैशांवर आले. १ जानेवारी २०२१ पासून ते शून्य आहे.