मोबाइलमध्ये कोणती ॲप ठेवायची? पीक पाहणीपासून लग्नपत्रिकेपर्यंत, रोजच्या उपयोगाची माहिती

गावात आता घरटी एक तरी स्मार्टफोन आहे. पण बहुतेकांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि पोरांनी टाकलेले गेम एवढेच असते. ज्या ॲपमुळे तहसीलची एक चक्कर वाचेल किंवा नुकसानभरपाईत नाव राहील, ते नेमके नसते. म्हणून आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांना, दुकानदारांना, बचतगटाच्या ताईंना आणि कॉलेजच्या मुलांना खरोखर कामाला येतील अशी ॲप इथे एकत्र दिली आहेत. सगळी टाकायची गरज नाही. आपल्या कामाची तीन-चार निवडा.

ई-पीक पाहणी : हे मात्र टाकाच

राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत सुरू झाली. आधी तलाठी पिकांची नोंद करायचे, आता ती शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून करायची. सध्या प्ले स्टोअरवर 'ई-पीक पाहणी डीसीएस' या नावाचे ॲप आहे. जुने ॲप अजून फोनमध्ये असेल तर ते काढून नवे घ्या. जुन्यात माहिती भरत बसण्यात अर्थ नाही.

ही नोंद जाते गाव नमुना १२ मध्ये, म्हणजे सातबाऱ्यातल्या 'बारा'वर. अतिवृष्टीचा पंचामा असो, पीकविमा असो की हमीभाव केंद्रावर सोयाबीन-तूर घालायची असो, सगळीकडे हीच नोंद बघतात. विमा भरला कापसाचा आणि नोंद झाली सोयाबीनची, तर प्रकरण अडकते. नोंदच नसेल तर रान कागदावर पडीक दिसते, मग शेतात डोक्याएवढी तूर उभी असली तरी.

काम असे चालते. ॲप उघडून विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचे. नाव, खाते क्रमांक किंवा गट क्रमांक टाकून आपले खाते शोधायचे. त्यानंतर चार आकडी सांकेतांक लागतो, तो विसरला तर ॲपमध्येच परत बघता येतो. मग गट निवडून हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि लागवडीची तारीख भरायची. शेवटी पिकाचा फोटो. हा फोटो घरी बसून जमत नाही, कारण ॲप तुमचे ठिकाण तपासते. लोकेशन चालू ठेवून त्या गटातच जावे लागते.

लोक नेमके कुठे चुकतात? पहिली गोष्ट, आंतरपीक. कापसात तूर असेल तर 'निर्भेळ पीक' निवडू नका, 'मिश्र पीक' निवडून दोन्ही पिके आणि दोन्हींचे क्षेत्र टाका. दुसरी, पोटखराबा आणि पडीक रान. तेही नोंदवायचे असते, नाहीतर क्षेत्राचा हिशोब जुळत नाही. तिसरी आणि सगळ्यात मोठी, अपलोड. शेतात रेंज नसते, म्हणून ॲप माहिती फोनमध्येच साठवून ठेवते. घरी रेंजमध्ये आल्यावर 'अपलोड' दाबले नाही, तर ती माहिती फोनमध्येच पडून राहते आणि आपल्याला वाटते झाली नोंद. चूक झाली असेल तर नोंद केल्यापासून ४८ तासांच्या आत दुरुस्ती करता येते. त्यामुळे त्याच दिवशी संध्याकाळी एकदा उघडून बघा.

गेल्या काही वर्षांत खरिपाची नोंद १ ऑगस्टपासून सुरू होते. शेवटची तारीख दरवर्षी वेगळी असते आणि कधी कधी वाढते. पण वाढेल या भरवशावर थांबू नका. शेवटच्या दोन दिवसांत सगळे एकदम तुटून पडतात आणि सर्व्हर चालत नाही. घरात म्हातारी माणसेच असतील, मुले पुण्या-मुंबईला असतील, तर शेजाऱ्याच्या फोनवरूनही नोंद करता येते. गावासाठी सहायक नेमलेले असतात, त्यांचे नाव तलाठी कार्यालयात विचारा.

सातबारा : बघायचा फुकट, लावायचा १५ रुपयांत

नुसता बघायचा असेल तर महाभूलेखवर सातबारा आणि आठ-अ फुकट दिसतो. पण ती प्रत बँकेत चालत नाही, त्यावर तसे लिहिलेलेही असते. बँकेत किंवा सरकारी कामाला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लागतो, तो महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून काढता येतो. त्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही. कुणी सेतूवर शंभर रुपये मागत असेल तर त्यात छपाई आणि त्याची मेहनत धरलेली आहे, हे समजून द्या.

एक सवय मात्र लावून घ्या. वर्षातून दोन-तीनदा आपला सातबारा सहज उघडून बघा. बोजा उतरला का, वारसाची नोंद लागली का, कुणाचे नवे नाव तर आले नाही ना, हे वेळेवर कळते.

मेघदूत आणि दामिनी

मेघदूत २०१९ साली आले. हवामान विभाग, पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी मिळून ते बनवले. मराठीत चालते. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा त्यात येते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पिकाप्रमाणे सल्ला येतो. फवारणी कधी घ्यायची, खत आज टाकायचे की दोन दिवस थांबायचे, कांदा काढून शेतात ठेवायचा की झाकायचा, यासाठी ते बघावे. अंदाज जिल्ह्याचा असतो, तुमच्या बांधाचा नाही. शेजारच्या शिवारात पडला आणि आपल्याकडे नाही, असे होणारच.

दामिनी विजेसाठी आहे, तेही पुण्याच्या त्याच संस्थेने बनवलेले. तुम्ही जिथे आहात त्याच्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडण्याची शक्यता असेल तर इशारा येतो. एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात रानात असणाऱ्यांनी, विशेषतः गुरे-शेळ्या राखणाऱ्यांनी, हे टाकावे. त्यासाठी इंटरनेट आणि लोकेशन दोन्ही चालू हवे. इशारा आला की झाडाखाली थांबायचे नाही, पाण्यातून बाहेर यायचे, पक्के घर गाठायचे. जवळ काहीच नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसायचे, आडवे झोपायचे नाही. मोबाइल जवळ असला की वीज ओढली जाते, अशी समजूत आहे. त्यात तथ्य नाही. उघड्या माळावर सगळ्यात उंच आपण असणे, हा खरा धोका.

कागदपत्रे : डिजिलॉकर

आधार, लायसन्स, गाडीचे आरसी, दहावी-बारावीची गुणपत्रिका ठेवायला डिजिलॉकर चांगले. एक फरक लक्षात घ्या. त्यात दोन कप्पे आहेत. एकात संबंधित खात्याने स्वतः दिलेले कागद येतात, ते कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचे आहेत. दुसऱ्यात आपण फोटो काढून टाकलेले कागद असतात, त्यांना नुसत्या झेरॉक्सइतकीच किंमत. पोलिसाला लायसन्स दाखवायचे तर पहिल्या कप्प्यातले दाखवा. गॅलरीतला फोटो चालत नाही.

कागद स्कॅन करायला वेगळे ॲप शोधू नका. कॅमस्कॅनर भारतात जून २०२० पासून बंद आहे, त्या नावाने काही मिळालेच तर घेऊ नका. फोनमध्ये आधीपासून असलेल्या गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे, ती नीट पीडीएफ करून देते.

पैसे

फोनपे, गूगल पे, भीम, पेटीएम यातले कोणतेही चालवा, खाली यंत्रणा एकच आहे, यूपीआय. एकच नियम पाठ करून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा : पिन फक्त पैसे द्यायला लागतो, पैसे घ्यायला कधीच नाही. 'तुमच्या खात्यात भरपाई जमा करतो, पिन टाका' असे कुणी म्हटले की फोन ठेवून द्या. म्हैस-ट्रॅक्टर ऑनलाइन विकायला टाकणाऱ्यांना असे फोन नक्की येतात.

इंटरनेट नसेल तर बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# लावून ५ हजार रुपयांपर्यंत पाठवता येतात. साधा बटणाचा फोन असला तरी चालतो. थोडे किचकट आहे, पण अडचणीला येते.

दुसरी काळजी अंगठ्याची. आधारवर अंगठा लावून पैसे काढायची सोय गावात सगळेच वापरतात. त्याच अंगठ्याचा ठसा चोरून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात नोंदवले गेले आहेत. यूआयडीएआयच्या ॲपमध्ये 'बायोमेट्रिक लॉक'ची सोय आहे. ते लॉक करून ठेवा. पैसे काढायच्या किंवा रेशनच्या दिवशी तात्पुरते उघडा. आजी-आजोबांच्या खात्यात पेन्शन येत असेल तर त्यांच्यासाठी हे आधी करा.

पोस्टर, रील, पत्रिका

गणेश मंडळाचा बॅनर, बारशाची पत्रिका, बचतगटाच्या पापड-मसाल्याचे लेबल यासाठी कॅनव्हा सोपे पडते. मराठी फॉन्ट भरपूर आहेत. त्यातले 'मुक्त' आणि 'बालू' हे मुंबईच्या एक टाइप या संस्थेने बनवलेले, ते फुकट आणि जोडाक्षरे नीट दाखवणारे. लेबल करताना अक्षर मोठे ठेवा, रंग दोनच वापरा. सात रंगांचे लेबल दुकानातल्या फळीवर वाचताच येत नाही. लेबलावर खाद्यपदार्थाचा एफएसएसएआय क्रमांक, वजन, तारीख आणि किंमत टाकायला विसरू नका, नाहीतर शहरातला दुकानदार माल घेत नाही.

व्हिडिओसाठी इनशॉट, काइनमास्टर, व्हीएन अशी ॲप आहेत. शेतीचे किंवा रेसिपीचे व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांना एक सांगणे : सिनेमातले गाणे मागे लावले की कॉपीराइट लागतो आणि कमाई दुसऱ्याकडे जाते. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीतले संगीत घ्या. त्याहून चांगले म्हणजे आवाज तुमचाच ठेवा. आपल्या बोलीत बोललेले लोक ऐकतात.

टायपिंगचा कंटाळा असेल तर जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा आणि माइकचे चिन्ह दाबून बोला. मराठीत लिहिले जाते. अर्ज, तक्रार, मोठा मेसेज, सगळे होते. वाक्य झाल्यावर एकदा वाचून घ्या, गावांची आणि माणसांची आडनावे ते हमखास बिघडवते.

गूगल लेन्स औषधाच्या बाटलीवरचे बारीक इंग्रजी मराठीत वाचून दाखवते. नाव, घटक, मुदत बघायला ठीक. पण फवारणीचे प्रमाण मात्र भाषांतरावरून ठरवू नका, एक शून्य इकडचा तिकडे झाला तर पीक जळते. ते कृषी सहायकांना विचारा. बाटलीवरचा त्रिकोण बघायला मात्र कुठलेच ॲप लागत नाही : लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा.

प्रवास

एसटीचे आरक्षण महामंडळाच्या ॲपवरून होते. महिलांची निम्मी सवलत तिथेही मिळते. रेल्वेसाठी 'व्हेअर इज माय ट्रेन' ठेवा. गाडीत बसल्यावर ते मोबाइल टॉवरवरून ठिकाण ओळखते, इंटरनेट लागत नाही, मराठीतही आहे.

व्हॉट्सॲपवर आलेली फाइल

आता सगळ्यात महत्त्वाचे. वरची सगळी ॲप प्ले स्टोअरवरून किंवा सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. पीएम किसानची यादी, आरटीओचे चलन, लग्नाची पत्रिका, बँकेची केवायसी अशा नावांनी ग्रुपवर फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप. ती दाबून परवानगी दिली की चोर तुमचे मेसेज वाचतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुमच्याच नंबरवरून तीच फाइल सगळ्या ग्रुपवर जाते. म्हणूनच ती ओळखीच्या माणसाकडून आलेली दिसते. त्या माणसाला फोन करून विचारा, मेसेज करून नको. मेसेजला चोरच उत्तर देईल.

झटपट कर्जाची ॲपही तशीच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि गॅलरी बघायची मुभा नाही. परवानगी मागितली की समजायचे. पुढे हप्ता थकला तर हेच नंबर वापरून नातेवाइकांना धमक्या जातात.

चुकून फाइल उघडली असेल तर लगेच इंटरनेट बंद करा, फोन एरोप्लेन मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा, हा सायबर फसवणुकीचा देशभराचा क्रमांक आहे. 'सकाळी बघू' म्हणू नका. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकायच्या आधी तक्रार झाली, तर ते गोठवता येतात. व्यवहाराचा मेसेज, क्रमांक आणि वेळ जवळ ठेवा. नंतर फोनमधला सगळा डेटा पुसून तो नव्याने सुरू करा, नुसते ॲप काढून भागत नाही.

फोन हरवला किंवा बाजारात मारला गेला, तर दूरसंचार विभागाचे 'संचार साथी' कामाचे. पोलिसांत तक्रार देऊन त्यावर हँडसेट बंद करता येतो, मग दुसरे सिम टाकूनही तो चालत नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही त्यावर दिसते. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच 'माझा नाही' म्हणून कळवा. हँडसेट बंद करायला आयएमईआय क्रमांक लागतो. आज फोन हातात आहे तोवर *#०६# दाबा, येणारा १५ आकडी क्रमांक वहीत उतरवून घ्या.