आठ इंचांचे चाक : रिक्षाच्या धक्क्यांचा इतिहास

१/ छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवरील जुन्या रिक्षांच्या टायरवर एक आकडा उठवलेला दिसतो : ४.००-८. म्हणजे टायरची रुंदी चार इंच आणि रिमचा व्यास आठ इंच. हे माप या शहराच्या रस्त्यांकडे पाहून ठरलेले नाही. ते इटलीत ठरले आणि तेही तीनचाकीसाठी नव्हे. त्या मापाची आणि ते बदलण्याच्या खटाटोपाची ही हकिगत. 🧵

२/ आरंभ मात्र एका तीनचाकीपासूनच होतो. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच घेतले होते. पण ती कल्पना विस्मरणात गेली. १८८७ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले. हेतू एकच होता, मुलाला धक्के कमी बसावेत.

३/ त्याआधी धक्के कमी करण्याचा ठाऊक असलेला उपाय म्हणजे मोठे चाक. टांग्याचे व बैलगाडीचे चाक लाकडी, वर लोखंडी धाव; त्यात लवचीकपणा नाही. तरीही ते लहान खड्ड्यांवरून सहज निघून जाई, कारण त्याची उंची. हवेचे टायर आल्यावर चाक लहान केले तरी चालेल, असा विश्वास यंत्रकारांना वाटू लागला.

४/ दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीच्या पियाजिओ कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर आणली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हा विमानविद्येतला अभियंता होता. पाय ठेवायला सपाट जागा, बसायला कमी उंची आणि पंक्चर होताच बदलता येईल असे चाक, या गरजांना आठ इंचांची रिम नेमकी बसली.

५/ १९४८ मध्ये याच व्हेस्पाच्या अवयवांवर ‘आपे’ ही तीनचाकी उभी राहिली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी. दोन माणसांच्या स्कूटरचे चाक आता ओझे वाहू लागले. त्याच वर्षी बजाज समूहाच्या व्यापारी कंपनीने भारतात दुचाकी-तीनचाकी आयात करण्यास प्रारंभ केला. १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पियाजिओच्या तांत्रिक सहकार्याने ही वाहने पुण्याजवळ आकुर्डीत घडू लागली.

६/ सहकार्याचा करार १९७१ मध्ये संपला, १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा आली. आठ इंच मात्र राहिले. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते तत्कालीन औरंगाबादजवळ वाळूजच्या कारखान्याचे उद्‌घाटन झाले. पुढे वाळूज हे तीनचाकींचे माहेर ठरले. इथली रिक्षा श्रीलंका आणि नायजेरियापर्यंत पोहोचली.

७/ आठ इंच इतके का टिकले? तिन्ही चाके एकाच मापाची, म्हणून एक स्टेपनी पुरे. रिम दोन पत्र्यांची, बोल्टने जोडलेली. बोल्ट काढले की रस्त्याकडेला ट्यूब बाहेर. टायर स्वस्त. गाडीचा तळ खाली, म्हणून वृद्धांनाही चढणे सोपे. रिक्षाचालकाच्या रोजच्या हिशेबात या गोष्टींना मोल होते. किंमत त्याच्या पाठीच्या कण्याने मोजली.

८/ ती किंमत भूमितीने दाखवता येते. ४.००-८ टायरसह चाकाचा व्यास सुमारे १६ इंच, म्हणजे ४१ सेंटीमीटर. खड्डा २० सेंटीमीटर लांबीचा धरला, तर हे चाक त्यात सुमारे २६ मिलिमीटर उतरते. ४८ सेंटीमीटरचे चाक २२ मिलिमीटर उतरते. मीटरभर व्यासाचे फक्त १०. लहान चाक अधिक खोल पडते आणि समोरच्या कडेवर अधिक उभे आदळते. टांग्याची उंची इथेच कामी येत होती.

९/ १९९० च्या दशकाच्या अखेरीस पियाजिओ पुन्हा भारतात आली, या वेळी बारामतीत. तिच्या आपेच्या चाकांचे माप ४.५०-१०. वाळूजच्या बजाजनेही मॅक्सिमासारख्या मोठ्या तीनचाकींना हेच माप दिले. एकूण व्यास १६ वरून १९ इंचांवर गेला आणि हवेची गादीही जाड झाली.

१०/ मग जुन्या रिक्षालाच मोठी चाके का बसवू नयेत? कारण चाक एकटे नसते. व्यास सुमारे १८ टक्क्यांनी वाढला, की त्याच गिअरमध्ये ओढ जवळपास सहाव्या हिश्शाने घटते. दौलताबादहून खुलताबादचा घाट चढताना ते लगेच जाणवते. ब्रेकला अधिक जोर लागतो. गाडीचा भारही वर सरकतो, आणि पुढे एकच चाक असलेली गाडी वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो.

११/ शिवाय भाड्याचा मीटर अंतर मोजतो तो चाकाच्या फेऱ्यांवरून. चाक मोठे केले आणि मीटर तसाच ठेवला, तर १० किलोमीटरच्या प्रवासाला तो साडेआठच्या आतच थांबतो, तोटा चालकाचा. उलट टायर झिजून चाक लहान झाले, की भुर्दंड प्रवाशाला. निर्मात्याने ठरवलेली रचना परस्पर बदलण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ बंधन घालते. त्यामागे असा हिशेब आहे.

१२/ आता ई-रिक्षांवर ३.७५-१२ हे माप सर्रास दिसते. रिम आठाची दहा, दहाची बारा झाली, म्हणून प्रवास तितकाच मऊ झाला असे मात्र नाही. ढोबळ हिशेबाने ४.५०-१० चा एकूण व्यास १९ इंच, तर ३.७५-१२ चा साडेएकोणीस. रिम दोन इंचांनी वाढली, चाक अर्ध्याच इंचाने. आणि हवेची गादी पाऊण इंचाने पातळ झाली. माप वाचायचे ते संपूर्ण चाकाचे.

१३/ डनलॉपने एका मुलासाठी जे केले, ते रिक्षाचालकासाठी व्हायला शतकाहून अधिक काळ गेला. त्याच्याकडे स्वस्त चाक होते, सुखाचे चाक नव्हते. आजही शहराच्या कोपऱ्यांवर ४.००-८ चे टायर भिंतीला टेकून पंक्चरची वाट पाहत उभे असतात. त्या आकड्यातला ‘आठ’ व्हेस्पाकडून आलेला आहे. त्याचे धक्के इथल्या पाठींनी सोसले. (समाप्त)