कुंडलिकेच्या दोन पेठा

रोह्यास जाणारा प्रवासी आज आगगाडीनें किंवा मोटारीनें जातो. त्यामुळें हें गांव नदीनें वाढविलेलें आहे हें सहसा त्याच्या ध्यानांत येत नाहीं. भरतीच्या पाण्यावर गलबतें जेथवर येत, तेथें माल उतरे आणि पुढें बैलांच्या पाठीवर चढे. अशा जागीं कोंकणांतील पेठा वाढल्या. कुंडलिकेच्या एका कांठीं रोहें, दुसऱ्या कांठीं अष्टमी. भोगावतीवर पेणचें अंतोरें बंदर.

परंतु कुंडलिकेची जुनी पेठ रोहें नव्हे. ती तिच्या मुखापाशीं असलेलें चौल. टॉलेमीनें तिचें नांव नोंदविलें आहे. दहाव्या शतकांत अल् मसूदी ‘सैमूर’ येथें सुमारें दहा हजार मुसलमानांची वस्ती सांगतो. पुढें पंधराव्या शतकांत रशियन व्यापारी निकितिन येथेंच उतरला. १५२१ मध्यें निजामशाहाच्या संमतीनें पोर्तुगिजांनीं रेवदंड्यास ठाणें घातलें. १५७०-७१ मध्यें मुर्तजा निजामशाहानें त्यास वेढा दिला, तो फसला, तह झाला. आणि व्यापार पुन्हां सुरू झाला.

चौल लढायांनीं बुडालें असें म्हणणें सोपें आहे; मला तें पटत नाहीं. तोफांनीं पडलेली वखार व्यापारी पुन्हां उभारतो. गिऱ्हाईक गेलें कीं तो एक वीटही लावीत नाहीं. १६६८ मध्यें मुंबई इंग्रज कंपनीच्या हातीं आली. खोल पाण्याच्या त्या बंदराकडे जहाजें हळूहळू वळलीं. १७४० मध्यें रेवदंडा मराठ्यांकडे आला, तेव्हां तट भक्कम होते. बाजार मात्र पूर्वीचा उरला नव्हता.

नवल असें कीं, जिनें चौलचें गिऱ्हाईक नेलें त्या मुंबईनेंच पेण-रोह्याच्या पेठा पोसल्या. वाढत्या शहरास भात हवा होता, मीठ हवें होतें. खाडीकांठीं दोन्ही पिकत. शिवाय बोरघाट उतरून देशावरचे बैल पेणेस येत, आणि परततांना मीठ घेऊन जात. १८६३ मध्यें त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली, तेव्हां देशावरच्या मालास पेणेंत थांबण्याचें कारणच उरलें नाहीं. रोह्यास रूळ १९८६ मध्यें पोंचले. पुढें १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पूर्ण झाली, आणि आज गाड्या तेथून थेट दक्षिणेकडे जातात.

पेणेनें मात्र दुसरा माल शोधला. तेथील गणेशमूर्ति आज साऱ्या महाराष्ट्रांत व परदेशींही जातात. पण मूर्तींच्या पेट्या ट्रकांवर चढतात, अंतोऱ्याच्या वाटेस कोणी जात नाहीं.