नॅशव्हिलच्या गाण्याच्या जत्रेत जेवायचं कुठं?

जत्रेला निघायचं म्हटलं की आपल्या मनात आधी येतं ते जेवण. वारीला निघालेल्या बाईच्या पिशवीतसुद्धा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असतेच. आज मी बोलणार आहे ती जत्रा मात्र देवाची नाही, गाण्याची आहे. ती भरते अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात, जून महिन्यात चार दिवस. तिथल्या गावाकडच्या गाण्यांना ‘कंट्री म्युझिक’ म्हणतात. शेत, रेल्वे, दारू, मोडलेली लग्नं, देवाची आठवण, असले सगळे विषय त्यात येतात. 1972 साली ही जत्रा पहिल्यांदा भरली तेव्हा तिचं नाव ‘फॅन फेअर’ होतं आणि साधारण 5,000 माणसं आली होती. आता तिला ‘सीएमए फेस्ट’ म्हणतात आणि शहराचे रस्ते माणसांनी भरून जातात.

एवढ्या माणसांनी जेवायचं कुठं? आज खिशात पैसे असले की कुठंही जेवता येतं. पण 1960 पर्यंत त्याच रस्त्यांवर या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या कातडीच्या रंगावर ठरायचं. गाणं सगळ्यांचं, ताट मात्र वेगळं. ती हकीकत सांगायला मी आज बसले आहे.

सुरुवात रेडिओपासून करू, कारण ही गाणी नॅशव्हिलची झाली ती रेडिओमुळं. 1925 साली एका विमा कंपनीनं तिथं डब्ल्यूएसएम नावाचं रेडिओ केंद्र काढलं. 28 नोव्हेंबरच्या रात्री 77 वर्षांचे अंकल जिमी थॉम्पसन केंद्रात येऊन फिडल वाजवायला बसले. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. त्यांची भाची पियानोवर साथीला होती. तिथून जो शनिवार रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला, तो ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावानं आजही चालू आहे. कार्यक्रमाला पैसा कोण पुरवायचं? 1948 पासून ‘मार्था व्हाइट’ नावाचं पीठ. गिरणीमालकाच्या तीन वर्षांच्या लेकीचं नाव पिठाला दिलेलं. तिकडं ‘बिस्किट’ म्हणजे आपलं चहाचं बिस्किट नव्हे. ताक घालून मळलेल्या मऊ पिठाचा, पदर सुटलेला, भट्टीतून गरम काढलेला लहानसा पाव. गावोगावच्या बायका रेडिओवर गाणी ऐकायच्या आणि त्या पिठाची बिस्किटं करायच्या. चूल आणि रेडिओ यांचं नातं इतकं जुनं आहे.

त्या कार्यक्रमाचा सुरुवातीचा एक लाडका कलाकार होता डीफोर्ड बेली. कृष्णवर्णीय, गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाचा नातू. हार्मोनिकावर, म्हणजे माउथ ऑर्गनवर, तो धावत्या आगगाडीचा आवाज असा काढायचा की ऐकणाऱ्याला गाडी दारातून गेल्यासारखी वाटायची. 1930 नंतर ऑप्रीचे कलाकार गावोगाव दौरे करायला लागले. लोक बेलीचं वाजवणं ऐकायला गर्दी करायचे आणि खेळ संपला की त्याच गावातली हॉटेलं त्याला बसून जेवू द्यायची नाहीत. टाळ्या देणारे हात ताट द्यायला तयार नव्हते. 1941 साली त्याला कार्यक्रमातूनही काढून टाकलं. पुढची बरीच वर्षं त्यानं बूटपॉलिशचं दुकान चालवलं.

1943 ते 1974 ही ऑप्री ‘रायमन’ नावाच्या सभागृहात व्हायची. मुळात ते प्रार्थनेसाठी बांधलेलं, त्यामुळं कलाकारांना तयार व्हायला धड खोल्या नव्हत्या आणि उन्हाळ्यात तर जीव नकोसा व्हायचा. मागच्या दारानं बाहेर पडून बोळ ओलांडला की समोर एक खानावळवजा बार. 1960 साली तो हॅटी बेस नावाच्या बाईनं विकत घेतला. सगळे तिला टूट्सी म्हणायचे. कंगाल गीतकारांना ती उधारीवर खायला-प्यायला द्यायची, उधारीच्या चिठ्ठ्या सिगारच्या डब्यात ठेवायची, आणि कुणाच्या खिशात गुपचूप पाच-दहा डॉलरची नोटही सरकवायची. दारुड्यांना बाहेर काढायला तिच्याकडं टोपीची लांब पिन असायची. हॉटेल चालवणाऱ्या बाईला दोन्ही जमावं लागतं!

आता नॅशव्हिलच्या सगळ्यात नावाजलेल्या पदार्थाकडं येऊ. ‘हॉट चिकन’. तळलेल्या कोंबडीवर लाल मिरचीपूड आणि गरम चरबीचा दाट लेप, खाली पांढऱ्या ब्रेडचा तुकडा, वर खारवलेल्या काकडीच्या चकत्या. ब्रेड सगळं तिखट तेल पिऊन घेतो, आणि खाणारे सांगतात की खरी चव त्यातच. याची गोष्ट त्या घरातलेच लोक अशी सांगतात. 1930 च्या सुमारास थॉर्नटन प्रिन्स नावाचा एक देखणा, बायकांच्या मागं फिरणारा कृष्णवर्णीय माणूस होता. एकदा रात्रभर बाहेर राहून तो सकाळी घरी आला. त्याच्या बाईनं सूड म्हणून न्याहारीच्या कोंबडीत मिरची ओतली. त्याला ती इतकी आवडली की पुढं त्यानं भावांबरोबर दुकानच काढलं. दुकान प्रिन्सच्या नावानं चाललं. त्या बाईचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. मला ही गोष्ट गमतीची म्हणून सांगता येत नाही. पाककृती तिची, राग तिचा, कष्ट तिचे आणि पाटी दुसऱ्याची.

त्या दुकानातली आणखी एक हकीकत. शहरात सगळीकडं काळ्यांना मागच्या दारानं जावं लागायचं, तेव्हा इथं उलटं होतं. पुढच्या दारानं काळी माणसं येऊन बसायची आणि ऑप्रीतले गोरे गायक रात्री खेळ संपवून स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत जायचे. भूक लागली की मागचं दारही चालतं!

1980 साली हे दुकान आंद्रे प्रिन्स जेफ्रीज यांच्याकडं आलं. त्या थॉर्नटनच्या भावाच्या नात. घटस्फोटानंतर दोन मुलींना वाढवत होत्या, कमाईची गरज होती. त्यांनी दुकानाच्या नावात ‘हॉट चिकन’ हे शब्द घातले आणि सौम्य, मध्यम, तिखट असे प्रकार वाढवले. 2013 साली अमेरिकेतला मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार त्यांच्या दुकानाला मिळाला. 2016 साली केएफसीनं ‘नॅशव्हिल हॉट चिकन’ देशभर विकायला काढलं. एका बाईच्या रागाचा धंदा कुठवर पोचला बघा.

याच्या उलट गोष्ट मिनी पर्लची. ती ऑप्रीतली विनोदी बाई, टोपीला 1.98 डॉलरची किमतीची चिठ्ठी लटकवून स्टेजवर यायची. 1968 च्या सुमारास काही उद्योजकांनी तिच्या नावानं तळलेल्या कोंबडीच्या दुकानांची साखळी काढली. नाव मोठं, शेअर बाजारात भाव मोठा, पण सगळ्या दुकानांत एकसारखी अशी पाककृतीच नव्हती. थोड्याच वर्षांत सगळं बुडालं. गटातून मसाले-पापड विकणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता मूळ प्रश्न, बसून जेवण्याचा. रायमन ज्या रस्त्यावर आहे त्याच पाचव्या रस्त्यावर, थोड्याच अंतरावर, वूलवर्थसारखी मोठी दुकानं होती. साबण, दोरा, कापड घ्यायला काळ्या बायका आल्या तर त्यांचे पैसे चालायचे. पण त्याच दुकानात सँडविच-कॉफीचं काउंटर असायचं, तिथं त्यांनी स्टुलावर बसायचं नाही. हातात पुडी घेऊन बाहेर जायचं. भर दुपारी काळी माणसं फुटपाथच्या कडेला बसून जेवताना दिसायची.

हे बघून अस्वस्थ झालेली एक मुलगी होती डायन नॅश. शिकागोहून शिकायला आलेली. नॅशव्हिलमध्येच राज्याच्या जत्रेला ती गेली, तिथं स्वच्छतागृहावर काळ्या बायकांसाठी वेगळी पाटी तिनं पाहिली. पुढं 1982 पासून गाण्याची ‘फॅन फेअर’ही बरीच वर्षं त्याच मैदानावर भरत होती.

नॅश ज्या शिबिरात जायला लागली ते घेत होते जेम्स लॉसन. इथं आपला नागपूरशी धागा जुळतो. लॉसन 1953 ते 1956 नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. तिथं त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमीही त्यांनी नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. नॅशव्हिलला आल्यावर ते चर्चच्या तळघरात मुला-मुलींना तालीम द्यायचे. एकानं शिव्या द्यायच्या, ढकलायचं, दुसऱ्यानं हात उचलायचा नाही, ताठ बसायचं, तोंड काउंटरकडं ठेवायचं.

13 फेब्रुवारी 1960 ला 124 विद्यार्थी गावात गेले, किरकोळ खरेदी केली आणि काउंटरवर बसले. कुणी काही वाढलं नाही. ते बसून राहिले, पुन्हापुन्हा येत राहिले. 27 तारखेला त्यांना मारहाण झाली, अंगावर जळत्या सिगारेटी विझवल्या. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्या 81 जणांना पकडलं. नॅश आणि बाकीच्यांनी दंड भरायला नकार दिला, तुरुंग पत्करला. आपल्याला हे अनोळखी नाही. महाडला 1927 साली तळ्याच्या पाण्यासाठी हेच करावं लागलं होतं.

मग घरातल्या बायका पुढं झाल्या. ईस्टरचा सण जवळ आलेला. आपल्या दिवाळीसारखे त्या वेळी घरात नवे कपडे घ्यायचे. काळ्या कुटुंबांनी ठरवलं की गावातल्या दुकानांत पाऊल टाकायचं नाही. खरेदी बायकांच्या हातात होती, म्हणून बहिष्कारही त्यांच्यामुळं टिकला. सणाच्या दिवसांत दुकानं ओस पडली. 19 एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. नवरा-बायको वाचले. त्याच दिवशी हजारो लोक न बोलता चालत महापौरांच्या दारी गेले. पायरीवर डायन नॅशनं महापौरांना सरळ विचारलं, की रंगावरून माणसामाणसांत फरक करणं तुम्हाला पटतं का. महापौरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, नाही पटत. 10 मे 1960 ला सहा दुकानांची काउंटरं काळ्या गिऱ्हाइकांना खुली झाली. बाकीच्या हॉटेलांना भाग पाडायला 1964 चा कायदा यावा लागला. रायमनसमोरचा तो रस्ता आता जॉन लुईस यांच्या नावानं ओळखला जातो. तेही त्या विद्यार्थ्यांतलेच एक.

आज जत्रेला जाणारी बाई कुठं जेवेल? स्टेजजवळच्या गाड्यांवर भाव चढे असतात, रांगा लांब. माझं मत विचाराल तर उत्तर नॅशव्हिलमधलं ‘स्वेट्स’ गाठावं. 1954 पासूनची काळ्या कुटुंबाची खानावळ आहे. तिथं ‘मीट अँड थ्री’ मिळतं, म्हणजे एक मांसाचा प्रकार आणि तीन भाज्या. आपल्या थाळीसारखंच, फक्त चीज घातलेल्या मॅकरोनीलाही ते लोक भाजीत धरतात! तळलेली भेंडी, शिजवलेला पाला, मक्याची पोळी असते. दक्षिणेतल्या अशा ताटांत चवळीही हमखास दिसते. ती पश्चिम आफ्रिकेतून, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर तिकडं पोचली. गाडी असेल तर शहराबाहेर हायवे 100 वर ‘लव्हलेस कॅफे’ आहे. 1951 साली ॲनी लव्हलेस यांनी नवऱ्याबरोबर तो काढला, आणि तिथली बिस्किटं त्यांच्या हातची म्हणून नावाजली.

आणि प्रिन्सकडं गेलात तर घरी ठेचा रोज खात असलात तरी पहिल्यांदा सौम्यच मागा. तेही पुरेसं झोंबतं.