बिऱ्हाडकरूचे घर : बीदर-कलबुर्गी सीमाभागातील एक दुर्लक्षित इतिहास

मराठीतील 'बिऱ्हाड' हा शब्द मोठा बोलका आहे. त्याचे जुने रूप 'बिढार' असे आढळते. कानडीत 'बिडार' म्हणजे मुक्काम, तात्पुरती वस्ती. व्युत्पत्तिकार मराठी शब्दाचे नाते त्याच्याशी जोडतात, आणि भालकी, हुमनाबाद, आळंद या बाजूस राहणाऱ्या मनुष्यास ते नाते पटण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. (बीदर हे नगरनाम मात्र वेगळे. ते बांबूच्या कानडी नावावरून आले असे सामान्यतः सांगतात. ध्वनिसाम्यावर भाळून दोन्हींची मोट बांधू नये.) आमच्या भागात 'भाड्याचे घर' असे फारसे कोणी म्हणत नाही, 'किरायाचे घर' म्हणतात. किराया हा दखनीचा, बाडिगे हा कानडीचा आणि बिऱ्हाड हा दोन्ही घरचा पाहुणा. एका खोलीच्या व्यवहाराला तीन भाषांचे शब्द लागावेत, यातच या मुलखाच्या इतिहासाची जात कळते.

आपले इतिहासलेखन मालकांच्या घरांविषयी पुष्कळ बोलते. वाडे, गढ्या, महाल यांची वर्णने आहेत, मोजमापे आहेत. परंतु ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतींमध्ये संसार केला आणि तरीही त्या भिंती आपल्याशा केल्या, त्यांच्या हौसेचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. याचे कारण उघड आहे. घर सोडताना बिऱ्हाडकरू आपली सजावट सोबत घेऊन जातो, आणि मागे राहते ती पुसून टाकण्याचीच रीत आहे.

या विषयाला आरंभ करण्यास बीदरच्या किल्ल्याइतके सोयीचे स्थळ नाही. बहमनींची राजधानी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून बीदरला आली. पुढे सत्ता सरदारांच्या हाती गेली, आणि १५१८ मध्ये महमूदशहा वारल्यावर अमीर बरीदने एकामागून एक चार नामधारी सुलतान गादीवर बसविले. म्हणजे घर बहमनींचे, आणि कारभार पाहणारा बरीद त्याच आवारात वावरतो आहे, अशी ती अवस्था होती. अमीर बरीदच्या मागून आलेल्या अलीने मात्र 'शहा' ही पदवी धारण केली, आणि त्याच्या कारकीर्दीत (१५४२-१५८०) किल्ल्यातील रंगीन महालास आज दिसणारे रूप मिळाले. काळ्याभोर दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून काढलेली वेलबुट्टी, रंगीत फरशांचे काम आणि कोरीव लाकडी खांब हे त्या महालाचे वैभव. खांबांवरील कोरीव कामाची घडण हिंदू पद्धतीची, तर फरशांवरील नक्षी इस्लामी परंपरेतील आहे. गुलाम यझदानी यांनी बीदरच्या वास्तूंवरील आपल्या १९४७ च्या ग्रंथात या साऱ्याची बारकाईने नोंद केली आहे.

मला या महालात एक गोष्ट नेहमी विचार करण्यासारखी वाटते. दगड खोदून त्यात शिंपला बसविण्याचे धाडस कोण करतो? आपण येथून उठणार नाही अशी ज्याची खात्री झाली आहे, तोच. जोवर आपण कारभारी आहोत तोवर मनुष्य गालिचा अंथरतो आणि पडदा लावतो. दगडाला हात घालतो तो मालक झाल्यावर. शहा ही पदवी आणि शिंपल्याचे जडावकाम एकाच माणसाच्या कारकीर्दीत यावे, हा केवळ योगायोग मानण्यास मी तयार नाही. अर्थात हे माझे अनुमान आहे, शिलालेखाचा पुरावा नव्हे.

आपल्या कायद्याच्या भाषेत मालमत्तेचे दोन प्रकार आहेत : स्थावर आणि जंगम. हे शब्द उच्चारताना कल्याणची आठवण होणे अपरिहार्य आहे. बाराव्या शतकात आजच्या बसवकल्याण येथे बसवेश्वरांनी याच दोन शब्दांना केवढा मोठा अर्थ दिला, हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे चर्चा देवालयाची आणि भक्ताची होती. आपली येथे खुंट्या आणि तोरणांची आहे. परंतु भेद तोच. भिंत मालकाची, म्हणून ती स्थावर. बिऱ्हाडकरूची सारी हौस जंगमात.

आणि जंगमाची कला बीदरने जशी जोपासली तशी क्वचितच दुसऱ्या नगराने जोपासली असेल. बिदरी काम हे त्याचे नाव. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात. मोरचुदाच्या पाण्याने पृष्ठभाग तात्पुरता काळा करून त्यावर टोकदार हत्याराने नक्षी रेखतात, ती कोरतात आणि कोरलेल्या खाचांत चांदीची तार अथवा पत्रा ठोकून बसवितात. मग घासून साफ केलेल्या भांड्यास किल्ल्यातील जुन्या, दीर्घकाळ ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती आणि नवसागर यांचा लेप देतात. जस्ताचा रंग काळा होतो, चांदी मात्र पांढरी शुभ्र राहते. या कलेस २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता रंगीन महालातील शिंपला आणि बिदरी पानदानावरील चांदी शेजारी ठेवून पाहा. काळ्यात पांढरे जडविण्याची दृष्टी दोन्हीकडे एकच. परंतु एक भिंतीत अडकून पडले आहे, तर दुसरे गाठोड्यात बांधून दुसऱ्या गावी नेता येते. बदलीच्या नोकरीतील मनुष्याच्या फळीवर बिदरीची एखादी सुरई दिसे, त्यात नवल ते काय?

याच ओघात दासोपंतांचे स्मरण होते. महसूल थकला म्हणून बालपणी त्यांना बीदरच्या दरबारी ओलीस राहावे लागले, अशी परंपरागत कथा आहे. पुढे अंबाजोगाईस स्थिर झाल्यावर या ग्रंथकाराने 'पंचीकरण' लिहिले ते कापडाच्या पासोडीवर. ती पासोडी आजही अंबाजोगाईस आहे. तिचा आपल्या विषयाशी संबंध ओढूनताणून लावण्याची माझी इच्छा नाही. तरी गुंडाळून नेता येईल अशा वस्तूवर मौल्यवान ते मांडावे, ही सवय या मुलखात जुनी आहे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आता खऱ्याखुऱ्या बिऱ्हाडकरूकडे वळू. १८७१ मध्ये मुंबई-मद्रास लोहमार्ग गुलबर्ग्यावरून पूर्ण झाला, शतकाच्या अखेरीस तेथे कापडाची गिरणी आली, निजामी कचेऱ्या आणि न्यायालये वाढली. वकील, कारकून, गिरणीतील कामगार, दुकानांतील मुनीम आणि अर्थातच शिक्षक हे किरायाच्या खोल्यांचे पहिले मोठे गिऱ्हाईक. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गुलबर्ग्यास नूतन विद्यालय उभे राहिले, तेव्हापासून मराठी शिक्षकांची कित्येक बिऱ्हाडे त्या शहरात नांदली. शिक्षक आणि बिऱ्हाड यांचे सख्य जुनेच. विंचवाप्रमाणे आमचेही बिऱ्हाड पाठीवर.

घरे कशी होती, हे सांगितल्याखेरीज सजावटीचे मर्म कळणार नाही. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे. हा दगड खाणीतून काढताना मऊ आणि हवेत राहिला की टणक. त्याच्या जाड भिंती, वर मातीचा गिलावा आणि माथ्यावर माळवद. गुलबर्ग्याकडे शहाबादी फरशी मुबलक. मातीच्या गिलाव्यात खिळा ठोकला की तो चार दिवसांत मातीसकट हातात येतो, आणि मागे पडलेले खिंडार मालकाच्या दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. म्हणून या घरांतील सारा संसार कोनाड्यांत थाटलेला असे. देव कोनाड्यात, दिवा कोनाड्यात, आरसा-फणी कोनाड्यात, मुलांची पुस्तकेही कोनाड्यात. मुळात लाकडी खुंट्या बसविलेल्या असत, त्या मोजून दिल्या-घेतल्या जात. घर दाखविताना मालक आधी खुंट्या दाखवी, मग विहीर.

रंगाची रीत ठरलेली होती. दसऱ्याच्या आधी भिंतींस चुना, त्यात किंचित नीळ, खाली हातभर गेरूचा पट्टा. चुना कोणाचा, यावर तंटे होत. मालक म्हणे राहणाऱ्याने द्यावा. राहणारा म्हणे घर तुमचे आहे. बहुधा बिऱ्हाडकरूच हरत असे, आणि हरल्याचा आनंदही त्यालाच होई, कारण मग रंग आपल्या पसंतीचा निवडता येई. निळीचा एक हात जास्त दिला की खोलीला जो तजेला येतो, त्यावर कारकुनाच्या पत्नीचा हक्क कोणी नाकारू शकत नसे.

खरे सांगावयाचे तर हा इतिहास स्त्रियांचाच आहे. पुरुषांनी किरायाच्या पावत्या सांभाळल्या, घर सांभाळले ते त्यांनी. पहाटेचा सडा आणि रांगोळी यांना मालकाची परवानगी लागत नाही, कारण ती संध्याकाळपर्यंत आपोआप पुसली जाते. नागपंचमीचे नाग, श्रावणात देवघराशेजारी चिकटविलेला जिवतीचा कागद, भाद्रपदात महालक्ष्म्यांची आरास, दारावर मण्यांचे अथवा काचेच्या नळ्यांचे तोरण, भरतकामाची 'सुस्वागतम्'ची चौकट, या साऱ्यांचा गुण एकच : सण सरला की काढून पेटीत ठेवता येते. लग्नाची गोष्ट मात्र निराळी. दारावर रंगविलेला गणपती, त्याखाली वधूवरांची नावे आणि भिंतीवरील हळदी-कुंकवाचे हात यांना पेटीत जागा नाही. नवे बिऱ्हाड आले तरी वर्षानुवर्षे अनोळखी जोडप्याच्या नावाखालून ये-जा करी. शुभचिन्हावर चुना फिरविण्यास मालकाचाही हात धजत नसे.

छापील चित्रांनी या सजावटीत मोठी क्रांती केली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आदींनी १८७८ मध्ये पुण्यास चित्रशाळा काढली, आणि १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीस गेला. लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन यांचे रंगीत कागद खेड्यापाड्यांतील भिंतींवर पोचले. श्रीमंताने भिंत रंगवून घ्यावी आणि बिऱ्हाडकरूने पाहत राहावे, हा भेद एका चौकटीने पुसला. आपल्या समीक्षकांनी या चित्रांस भडक म्हणून पुष्कळ नावे ठेवली आहेत. मला ती टीका घरवाल्यांची वाटते. ज्याला भिंतीवर स्वतःची अशी एकच वस्तू टांगता येते, तो ती डोळ्यांत भरणारी निवडतो.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण काही उगाच रूढ झाली नाही. आज तट्ट्याचा आडोसा, उद्या विटांची भिंत, परवा वहिवाटीचा दावा, अशी त्याची धास्ती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमाने ही कुस्ती मोठ्या शहाणपणाने सोडविली आहे. मालकाच्या संमतीवाचून भाडेकरूने कायम स्वरूपाचे बांधकाम करू नये. परंतु आपण बसविलेली वस्तू, घर ताब्यात असेतो, त्याला काढून नेता येते, मात्र जागा मूळ स्थितीत सोडली पाहिजे. हैदराबाद राज्यात १९५४ मध्ये घरभाड्याचा कायदा झाला. पुढे १९६१ च्या म्हैसूरच्या कायद्याने, आणि त्यानंतर कर्नाटकाच्या १९९९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. लेखी संमतीविना कायम बांधकाम करणे हे १९६१ च्या कायद्यात घर खाली करविण्याचे एक कारण होते.

पण 'कायम' म्हणजे काय? महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यातील १६ व्या कलमाचे स्पष्टीकरण या दृष्टीने वाचनीय आहे. लाकडी पडदी, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, दार, जाळी, वाऱ्यासाठी खिडकी, खोटे छत, धुराडे इत्यादी कामे, आवश्यक तेथे नगरपालिकेची परवानगी घेऊन केली असता, कायम बांधकामात मोडत नाहीत, असे ते सांगते. रुक्ष कायद्याच्या पोटात बिऱ्हाडकरणीच्या मागण्यांची एवढी मनोज्ञ यादी सापडेल, असे कोणास वाटले असते? बसून चूल फुंकण्याऐवजी उभ्याने स्वयंपाक करावा, एवढ्यासाठी किती घरांत वाद झाले असतील, याची त्या एका शब्दावरून कल्पना येते.

दारावरील पाटीविषयी दोन शब्द. निजामी काळात कचेरीची भाषा उर्दू. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे आले. म्हैसूरचे कर्नाटक १९७३ मध्ये झाले, गुलबर्ग्याचे कलबुर्गी २०१४ मध्ये. या सर्व काळात बिऱ्हाडकरूच्या नावाची पाटी ही त्याने भिंतीवर केलेली सर्वांत धीट सजावट होती. ती कोणत्या लिपीत असावी, हे मालकाची भाषा, टपालवाल्याची सोय आणि स्वतःचा अभिमान या तिघांनी मिळून ठरविले. दोन लिप्यांच्या पाट्या आमच्याकडे सर्रास दिसतात, आणि त्यात कोणी मानहानी मानीत नाही. सीमाभागातील मराठी माणूस परक्या राज्यात भाडेकरू आहे, अशी उपमा सभांतून ऐकू येते. मला ती मान्य नाही. भालकीचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जांभ्याच्या घरात राहतो आहे आणि ओसरीवर कानडी शेजाऱ्याशी दोन्ही भाषांत बोलतो आहे. त्याच्या मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, हे राज्यघटनेचे ३५० (अ) कलम सांगते. मराठी शाळांतील पट घटत असताना त्या कलमाची आठवण करून देणे हे हक्काचे मागणे आहे; त्याला किरायदाराची याचना म्हणू नये.

आजचा किरायदार सिमेंटच्या घरात राहतो. खिळ्याऐवजी चिकटविण्याचे आकडे आले आहेत, चुन्याऐवजी डब्यातील रंग आला आहे, आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे अनामतीतून कापून घेण्याची पद्धत मोठ्या शहरांतून जिल्ह्याच्या गावी पोचली आहे. जुने वाडे एकेक करून उतरविले जात आहेत. जांभ्याची भिंत पडते तेव्हा गिलाव्याचा जाड पापुद्रा सुटून येतो, आणि त्याच्या तुटलेल्या कडेवर चुन्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे दिसतात. बहुतेक पांढरे, मधूनच एखादा गडद निळा, क्वचित गुलाबी, आणि तळाशी गेरू.