तेलोक आयेरचा दर्गा आणि दूर गेलेला समुद्र

रविवारी सेरंगून रोडवर कढीपत्ता नि कैऱ्या घेताना आपण ज्या जमिनीवर उभे असतो, तिथे एकेकाळी सरकारी विटभट्टी होती, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? हिंदुस्थानातून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आणलेले कैदी तिथे विटा पाडत. मुंबई इलाख्यातूनही असे कैदी येत. त्या विटांना १८६७ च्या आग्रा प्रदर्शनात पदक मिळाले होते. पण आज सांगायचे आहे ते त्याच्या आधीच्या एका इमारतीबद्दल.

तेलोक आयेर स्ट्रीटवरचा नागोर दर्गा १८२८ ते १८३० च्या दरम्यान बांधला गेला. मलाय भाषेत 'तेलोक' म्हणजे उपसागर आणि 'आयेर' म्हणजे पाणी. त्या काळी हा रस्ता खरोखरच किनाऱ्यावर होता. तमिळनाडूतल्या नागोरचे संत शाहुल हमीद हे दर्यावर्दींचे पाठीराखे मानले जातात. गलबतातून सुखरूप उतरलेले चुलिया व्यापारी प्रथम इथे येऊन त्यांचे आभार मानत. संतांची कबर मात्र नागोरलाच आहे. ही त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली वास्तू. थोड्याच अंतरावर चिनी खलाशांच्या माझू देवीचे थियान हॉक केंग आहे. कारण तेच, समुद्र तोच!

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भराव टाकला गेला आणि समुद्र दूर गेला. मुंबईकराला हे नवल नाही; चर्चगेटला उभे राहून समुद्र शोधणाऱ्याला विचारा.

समुद्र गेला तरी क्षार आणि ओल मागे राहतात. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, पृष्ठभागावर सुकते, मिठाचे स्फटिक होतात आणि गिलावा आतून फुगतो. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, ओल बाहेर टाकतो. वरून सिमेंट थापले की ओल कोंडते आणि वीट पोखरली जाते. (जुन्या प्रोग्रॅमला वरवर ठिगळे लावणारे आम्ही लोक हे चांगले ओळखतो.) आपल्या वाड्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालून तो घाणीत मळत. इथल्या सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलला (१८५६ ते १८६१) कैद्यांनी शिंपल्यांच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक, गूळ आणि नारळाच्या काथ्याचे पाणी घालून गिलावा केला व दगडाने घोटून चकाकी आणली. इंग्रज त्याला 'चुनम' म्हणत. आपला चुना आणि तो, दोन्ही संस्कृत 'चूर्णा'चीच लेकरे.

दर्ग्याला १९७४ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, पण दर्जा म्हणजे डागडुजी नव्हे. मोडकळीला येऊन बरीच वर्षे बंद राहिल्यावर २००७ मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला आणि २०११ मध्ये ती भारतीय मुस्लिम वारसा केंद्र म्हणून उघडली. खाली युरोपीय धाटणीचे खांब व कमानी, वर जाळीदार सज्जे आणि कोपऱ्यांत चौदा मजली भासणारे चिमुकले मिनार, हे सगळे आज नीट दिसते.

प्रार्थनास्थळाचे प्रदर्शन व्हावे का, यावर मी आणि माझी पत्नी घरी परततानाच भांडलो. तिचे म्हणणे, नवसाची जागा काचेच्या पेटीत ठेवू नये. माझे म्हणणे, पडकी भिंत नवसाला तरी काय कामाची? दोघांपैकी कोणी हरले नाही.

तेलोक आयेर स्थानकावरून पाच-सात मिनिटे चालावे लागते. मुलांना जरूर न्या, आणि दारात उभे राहून समोरच्या उंच इमारतींकडे बोट दाखवून सांगा, लाटा इथपर्यंत येत होत्या.