बेंच : सॉफ्टवेअर कंत्राटदारीतील एक प्रथा

सॉफ्टवेअर कंपनीत ज्या कर्मचाऱ्याच्या हाती प्रकल्प नाही, तो 'बेंचवर' असतो. त्याचा पगार चालू असतो, पण त्याच्या तासांचे बिल कोणत्याच क्लायंटला लागत नाही. या क्षेत्रातल्या नोकरीची अस्थिरता समजून घ्यायची, तर या बेंचचा इतिहास पाहावा लागतो.

१९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली, १९७३ मध्ये अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले आणि १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली. त्या काळात संगणक आयात करणे महाग होते, परवाने मिळवणे जिकिरीचे होते आणि परदेशाशी संपर्काची साधने अपुरी होती. त्यामुळे प्रोग्रॅमरलाच परदेशी क्लायंटकडे पाठवले जाई आणि क्लायंट माणशी तासाचे पैसे मोजे. धंद्यात याला 'बॉडी शॉपिंग' म्हणत. १९९१ नंतर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आणि उपग्रह जोडण्यांमुळे पुष्कळ काम भारतातूनच होऊ लागले. माणशी दराचा हिशेब मात्र टिकून राहिला.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने परदेशी तज्ज्ञांना तात्पुरत्या नोकरीसाठी एच-१बी व्हिसा आला. वर्षाची मर्यादा ६५,००० होती. ती २००१ ते २००३ या काळात १,९५,००० झाली. छोटे कंत्राटदार प्रकल्प हाती नसतानाही माणसे नेत, एकेका घरात चार-पाच जणांना ठेवत आणि प्रकल्प मिळेपर्यंत पगार देत नसत. असा बिनपगारी बेंच १९९८ च्या कायद्याने बेकायदा ठरला. पण व्हिसा मालकाशी बांधलेला. इंटरनेट कंपन्यांचा डॉटकॉम फुगा फुटून नोकऱ्या आटल्यावर तक्रार करणार कोण?

भारतात बेंचवर पगार मिळे, पण व्यवस्थापन 'युटिलायझेशन'च्या, म्हणजे बिल लागणाऱ्या वेळाच्या, टक्क्यांवर चाले. मॅनेजरचे मूल्यमापनही त्याच आकड्यावर होई. काल उत्तम कोड लिहिणारा आज तीस जणांचा मॅनेजर होई. माणसे सांभाळण्याचे शिक्षण त्याला क्वचितच मिळे. प्रकल्प आटला की माणसे 'रिलीज' होऊन बेंचवर येत. मग प्रकल्पांवर माणसे नेमणाऱ्या रिसोर्स मॅनेजमेंट ग्रुपला रोज मेल, क्लायंटच्या मागणीबरहुकूम फिरवलेला बायोडेटा, आधी एक अंतर्गत मुलाखत, मग क्लायंटची. ज्या कामाचा अनुभव नाही, तेही बायोडेटात घालायला सांगितले जाई, आणि मुलाखतीत अडखळल्याचा दोष उमेदवाराच्या माथी येई. हा सरळ अन्याय होता.

बेंच लांबला की राजीनामा मागितला जाई. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार कामगार कपातीसाठी महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागे. राजीनामा कागदोपत्री स्वेच्छेचा असल्याने ही भरपाई टळे. पुढच्या नोकरीसाठी आधीच्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर लागे, म्हणून बहुतेक जण मुकाट सही करत. शिवाय सॉफ्टवेअर अभियंता या कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' ठरतो का, यावरही वाद घातला जाई.

जून २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने नियमच केला : वर्षात २२५ दिवस बिल लागले पाहिजे, बेंच ३५ दिवसांपेक्षा कमी हवा. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या पदांवरचे अधिक होते.